शहरालगतच्या टेकड्या: वाटा किती, कुठून आणि कशा?

मुरूमखडी

पुण्यातल्या टेकड्यांवर बोलणं निघालं की दोनच सूर ऐकू येतात. एक: माणसांना वर येऊच देऊ नका. दुसरा: टेकडी लोकांची आहे, पेव्हर ब्लॉक टाका, बाक ठेवा, दिवे लावा. भांडण माणसांच्या संख्येवर चालतं. वाटा किती झाल्यात ते कुणी मोजत नाही, आणि टेकडीची वाट लागते ती तिथूनच (कोटी अपघाताने झाली, राहू दे). म्हणून हा धागा फक्त वाटांसाठी.

आधी जमीन. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, पाषाण-बाणेर, तळजाई, थर सगळीकडे तोच. खाली बेसाल्ट, त्यावर मुरूम, वर जेमतेम वीतभर माती, बऱ्याच ठिकाणी तीही नाही. पाऊस वर्षाला ७००-७५० मिलिमीटरच्या आसपास, पण बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. ही माती जागेवर राहते ती गवताच्या मुळ्यांमुळे. गवत गेलं की दोन-तीन पावसाळ्यांत मुरूम उघडा पडतो, आणि वीतभर माती पुन्हा तयार होणं आपल्या हयातीत शक्य नाही.

आता हिशोब. समजा १०० हेक्टरचा चौकोनी माळ आहे, बाजू १ किलोमीटर. मधोमध एक वाट. जमिनीवर घरटी करणारे पक्षी माणूस दिसला की वाटेच्या दोन्ही बाजूंना ५० मीटरपर्यंत टिकत नाहीत असं धरू. म्हणजे १०० मीटर रुंद आणि १ किलोमीटर लांब पट्टा, १० हेक्टर, बिघडला. ९० शिल्लक. त्याच माळावर २०० मीटर अंतराने पाच समांतर वाटा पडल्या तर ५० हेक्टर गेले, आणि उरलेले ५० अरुंद पट्ट्यांत विभागले गेले. दहा वाटा झाल्या की आतला भाग असा काही उरतच नाही. माणसं तितकीच असली तरी हेच होतं. हजार माणसं एका वाटेने गेली तर १० हेक्टर, तीच शंभर-शंभर करून दहा वाटांनी गेली तर अख्खा माळ.

गवताचं गणितही याच बाजूचं. तुडवणं आणि नुकसान सम प्रमाणात वाढत नाही. अस्पर्श गवतातून थोडीशीच वर्दळ झाली की बहुतेक नुकसान होऊन जातं. पुढे वर्दळ दहापट झाली तरी वाट तेवढीच उघडी राहते. म्हणून 'गर्दी टाळायला जरा आडवाटेने जाऊया' हा सज्जन विचार टेकडीला सगळ्यात महाग पडतो.

माझं म्हणणं एवढंच: मुख्य वाटा कमी आणि चांगल्या करा, बाकीच्या बुजवा. कसं करायचं त्यावर इथे जाणकारांनी लिहावं.

हिवर

५० मीटर हा आकडा माणसासाठी ठीक. मोकळं कुत्रं सोबत असेल तर तो लागू नाही, कारण कुत्रं वाटेवरून चालत नाही. ते दोन्ही बाजूंना शंभर-शंभर मीटर हुंगत फिरतं. टिटवी, माळटिटवी, चंडोल, तित्तर हे सगळे जमिनीवरच अंडी घालतात. माळटिटवीचा हंगाम साधारण मार्च ते मे, चंडोल आणि तित्तर पावसातही. अंडी उन्हात उघडी पडली की एप्रिलच्या दुपारी ती अक्षरशः शिजतात. कुत्र्याने ती खायची गरज नाही, पक्षी वीस मिनिटं दूर राहिला तरी पुरे.

तेव्हा मार्च ते ऑगस्ट पट्ट्याशिवाय कुत्रं नको. हा एक नियम पाळला गेला तर अर्धं काम झालं. मोरांना धान्य टाकणं, पाण्याला प्लास्टिकचे टब ठेवणं हेही थांबवा. एका जागी सगळे जमले की मांजरं आणि कुत्री नेमकी तिथेच दबा धरतात, आणि टब आठवड्याला घासला नाही तर डासांची पैदास वेगळीच.

फिरस्ता_कोथरूड

धागा माहितीपूर्ण आहे, पण एक शंका. जानेवारीनंतर ही टेकडी नुसती पिवळी पडते. गवत वाळून कुसळं मोज्यात घुसतात. त्यापेक्षा दाट झाडं लावली तर सावली मिळेल, माती धरली जाईल, पक्षीही येतील. गवताचा एवढा कैवार कशाला? आणि दुसरं, ज्येष्ठ नागरिकांना मुरमावरून घसरायला होतं. त्यांनी कुठे जायचं?

शेडा_पवन्या

@फिरस्ता_कोथरूड, प्रश्न रास्त आहे आणि तो सगळ्यांच्याच मनात असतो. सरकारी पडीक जमिनीच्या नकाशातही झुडपी माळ 'पडीक' म्हणूनच मोजला जातो, तिथे आपलं काय.

या टेकड्या मुळात विरळ झाडांचा गवताळ माळ आहेत. इथली झाडं म्हणजे सालई, मोई, गणेर, मेडशिंगी, वारस, पांढरूख, धावडा, खैर, हिवर, बोर. सगळी उन्हाळ्यात पानं गाळणारी किंवा काटेरी. खडकाच्या भेगेत मूळ घालून उभी राहतात, एकमेकांपासून अंतर ठेवून. मधल्या जागेत पवन्या, कुसळी, मारवेल, डोंगरी गवत. कुसळं मोज्यात घुसतात कारण त्यांचं काम जमिनीत घुसणंच आहे. कुसळ ओलं-सुकं होताना पीळ घेतं आणि बी मातीत खोचतं.

१९७०-८० च्या दशकांत यावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) आणि सुबाभूळ लावलं गेलं. दोन्ही मध्य अमेरिका-मेक्सिकोकडची. फांदी खोचली की गिरिपुष्प लागतं, गुरं सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे 'जगण्याची टक्केवारी' कागदावर उत्तम दिसते. खाली काय होतं? दाट सावलीत गवत मरतं. ऐन उन्हाळ्यात झाड निष्पर्ण, म्हणजे सावलीही गेली. जूनमध्ये पहिला जोरदार पाऊस येतो तेव्हा पाचोळ्याखाली उघडी माती असते आणि ती वाहून जाते. माती झाडाने धरली जाते हे खरं, पण वीतभर मातीत ते काम गवताची झुबकेदार मुळं जास्त चांगलं करतात.

वृक्षारोपणाच्या नावाखाली सलग समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत जाणारे लांब खड्डे) खणतात ते तर आणखी वाईट. ६० सेंटिमीटर रुंद, ३० खोल असा चर वीतभर मातीच्या माळावर खणला की माती उलटीपालटी होऊन मुरूम वर येतो. त्यावर पहिली दोन वर्षं घाणेरी आणि रानमोडी ही तणं येतात. चर ओसाड, खणून-खरवडून गेलेल्या उतारावर ठीक. जिथे पवन्या उभा आहे तिथे नाही.

गिरिपुष्प काढायचं तर नुसतं तोडून भागत नाही, बुंध्यातून आठ-दहा फुटवे येतात. दर पावसाळ्यात फुटवे मोडत राहावं लागतं, दोन-तीन वर्षं. आणि एकदम सगळं काढू नका. आठ-दहा मीटरच्या खिडक्या, म्हणजे मोकळ्या जागा, पाडा, गवत आलं की पुढची खिडकी. परवानगीचा मुद्दा खाली कुणीतरी लिहीलच, पण कुऱ्हाड घेऊन परस्पर कुणी जाऊ नये. शहरी हद्दीत १९७५ चा वृक्ष कायदा परदेशी झाडालाही लागू होतो.

ओळंबा

ज्येष्ठांच्या वाटेबद्दल आणि एकूण बांधणीबद्दल. वाट बिघडवतं पाणी. पाय फक्त त्याला रस्ता करून देतात. सरळ उतारावरून गेलेली पायवाट पहिल्या वर्षी खोलगट होते, दुसऱ्या वर्षी तिचा ओहळ होतो, मग चालणारे कडेने चालतात आणि शेजारी दुसरी वाट पडते. वेताळ टेकडीवर अशा चार-चार समांतर घळी शेजारीशेजारी दिसतील.

नवी वाट आखताना दोन आकडे. वाटेचा चढ टेकडीच्या तिथल्या उताराच्या निम्म्याहून कमी हवा, आणि सरासरी १० टक्क्यांच्या आसपास. १० टक्के म्हणजे जेमतेम ६ अंश. फोनमधलं कोनमापक चालतं. नसेल तर बांधावर वापरतात ती ए-फ्रेम (A आकाराची, ओळंबा लावलेली चौकट) किंवा गवंड्याची पाण्याची नळी. उतार ३० टक्के असेल तर वाट १५ च्या आत, तीही थोड्याच अंतरासाठी. हा 'निम्मा' नियम सगळ्यात जास्त मोडतो तो माथ्यावर. तिथे उतार ८ टक्के आणि लोक सरळ चालतात, म्हणजे वाटही ८. पाणी बाजूला उतरतच नाही, वाटेतूनच वाहतं.

वाटेचा पृष्ठभाग दरीच्या बाजूला ५ टक्के कलता ठेवा, म्हणजे मीटरभर रुंदीला ५ सेंटिमीटर. वर्षभरात मधला भाग दबतो आणि बाहेरच्या कडेला मातीचा छोटा बांध तयार होतो. पाणी अडतं ते इथे. मे महिन्यात फावड्याने ती कड छाटायची. वर्षातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम हेच.

जुनी सरळ वाट हलवता येत नसेल तर दोन उपाय. १५ टक्क्यांपर्यंत चढ असेल तर वाटेतच उथळ खोलगट घडी घाला. चार-पाच मीटर लांब, मध्यभागी १५ सेंटिमीटर खोल, खालच्या बाजूला तेवढाच उंचवटा, धुम्मसाने (माती ठोकायच्या जड ठोकळ्याने) ठोकलेला. चालताना कळतही नाही आणि पाणी बाहेर पडतं. त्याहून तीव्र चढावर दगडी आडबांध. दगड ४०-५० सेंटिमीटरचे, दोन तृतीयांश जमिनीत, वर १२-१५ सेंटिमीटरहून जास्त दिसता कामा नये. उंच केला की लोक वळसा घालतात आणि नवी वाट पडते. वाटेशी ४५ ते ६० अंशांचा तिरका कोन, दोन्ही टोकं वाटेबाहेर किमान ३० सेंटिमीटर. पाणी जिथे सुटतं तिथे मूठ-दोन मूठ आकाराचे दगड पसरा, नाहीतर नवी घळ तिथून सुरू. अंतर १० टक्के चढाला २० मीटर, २० टक्क्यांना ८-१०.

चुकतं कुठे ते सांगतो. आडबांध वाटेला काटकोनात घालतात. पाणी थांबतं, गाळ बसतो, दोन मोठ्या सरींत बांध भरतो, पाणी वरून उडी मारतं आणि खालचा पायथा खोदतं. मग 'दगडी काम टिकत नाही' म्हणून काँक्रीट येतं. काँक्रीटवरचं पाणी एका कडेला जमून त्याच कडेची माती नेतं, आणि गुडघेदुखीमुळे लोक पुन्हा बाजूच्या मातीवरूनच चालतात.

ज्येष्ठांसाठी पायऱ्या: उंची १५ सेंटिमीटर, पाऊल ठेवायला ४० सेंटिमीटर किंवा जास्त, दगड मागच्या दगडाखाली अडकवून. उंची २० च्या वर गेली की वळसे सुरू. दोन्ही कडांना मोठे ओबडधोबड दगड रचले तर लोक पायरीवरच राहतात.

काटेरी_झुडूप

ओळंबा यांनी चांगल्या वाटेचं लिहिलं, मी बुजवण्याचं लिहितो. क्रम महत्त्वाचा आहे: आधी चांगली वाट, मग बंदी. उलट केलं तर लोक कुंपण मोडतात.

फाट्याची दोन्ही तोंडं बंद करायची, आणि नुसतं तोंड नव्हे, तर दिसेनाशी होईपर्यंत, १०-१५ मीटर. पहिल्या एक-दोन पावसांनंतर जमीन मऊ झाली की टिकावाने दबलेली माती ५-८ सेंटिमीटर मोकळी करा. त्यात गवताचं बी. बी त्याच टेकडीवरचं, ऑक्टोबर-नोव्हेंबरात हाताने ओरबाडून गोळा केलेलं, कापडी पिशवीत कोरड्या जागी जूनपर्यंत ठेवलेलं. लगेच पेरलं तर उगवत नाही, ताज्या बियांना सुप्तावस्था असते. बाजारातली 'लॉन'ची गवतं किंवा चाऱ्याचं पॅरा गवत अजिबात नको.

वरून बोरीच्या, बाभळीच्या फेसाट्या, म्हणजे तोडलेल्या काटेरी फांद्या. उताराला आडव्या टाका, म्हणजे त्यांच्या मागे गाळ धरतो. एक सावधगिरी: गिरिपुष्पाच्या ताज्या फांद्या वापरू नका. पावसात त्यांना मुळं फुटतात आणि बुजवलेल्या वाटेवर गिरिपुष्पाची रांग उभी राहते. वापरायच्याच तर उन्हाळाभर वाळवून.

'प्रवेश बंद' पाटीपेक्षा 'गवत वाढतंय, वाट डावीकडे' असा बाण जास्त काम करतो. पाटी फाट्यावर नको, त्याच्या वीस पावलं आधी हवी.

ऑरेंजसिटी

नागपूरकडून एक जोड. विदर्भात महसुली दफ्तरात 'झुडपी जंगल' असा स्वतंत्र प्रकारच नोंदलेला आहे, आणि त्यावर काय करता येतं याचे वाद दशकांपासून चालू आहेत. पुण्यात ती नोंदही नाही, त्यामुळे माळ एक तर 'वन' असतो नाहीतर 'मोकळी जागा'. अंबाझरी-गोरेवाडा भागातही मुरूमखडी यांनी लिहिलंय तेच दिसतं: तलावाकाठची एक पक्की वाट गर्दीची, पण खरं नुकसान झुडपांतल्या फाट्यांनी. फरक इतकाच की आमची काळी माती पावसात चिकटते, म्हणून लोक चिखल टाळायला वाट रुंद करत नेतात. तिथे तिरका कल पुरत नाही. दगडाची सोलिंग (खाली दगडांचा थर) घालून वाटच १०-१५ सेंटिमीटर उचलावी लागते, दोन्ही बाजूंना चर.

मोजपट्टी

सगळं पटलं, पण मोजल्याशिवाय कुठलीही कचेरी ऐकत नाही. मोजायला काय लागतं: दोन खुंट्या, दोरी, टेप.

वाटेच्या दोन्ही बाजूंना, शाबूत गवतात, खुंट्या कायमच्या ठोका (लोखंडी सळई जमिनीबरोबर, वर लाल रंग). त्यांच्यात दोरी ताणून आडवी समतल करा. दर २० सेंटिमीटरला दोरीपासून जमिनीपर्यंतची खोली लिहा. मेअखेर एकदा, ऑक्टोबरमध्ये एकदा. मेमधली खोली ऑक्टोबरच्या खोलीतून वजा करा, फरकांची बेरीज गुणिले २० सेंटिमीटर, म्हणजे त्या पावसाळ्यात गेलेल्या मातीचा छेद. उदाहरणार्थ दीड मीटर रुंदीत सरासरी ८ सेंटिमीटर माती गेली तर छेद ०.१२ चौरस मीटर. वाट १०० मीटर धरली तर १२ घनमीटर. १ ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर, तेव्हा सव्वाचार ब्रास. अर्जात 'धूप होत आहे' लिहिण्यापेक्षा 'सव्वाचार ब्रास मुरूम नाल्यात गेला' लिहा, अभियंत्याला लगेच कळतं.

खोली एकाच ठिकाणी मोजून निष्कर्ष काढू नका. एका वाटेवर किमान पाच छेद, समान अंतराने. 'जिथे खराब दिसतंय तिथे' असे निवडले की आकडा फुगतो आणि पुढच्याच बैठकीत कुणीतरी तो पाडतो.

हिवर

मोजपट्टी, सोबत फोटोही. ठरलेली जागा, ठरलेली दिशा, दर ऑक्टोबरचा पहिला आठवडा. फोन उभा की आडवा तेही ठरवून घ्या.

फिरस्ता_कोथरूड

शेडा_पवन्या, गवताचं पटलं. पायऱ्यांचंही. आता दुचाक्यांचं सांगा. सकाळी लोक स्कूटर थेट माथ्यापर्यंत नेतात. खांब रोवले तर व्हीलचेअरही अडते.

ओळंबा

सरळ फटीने हा प्रश्न सुटत नाही. स्कूटरचं हँडल साधारण ६५-७५ सेंटिमीटर रुंद आणि व्हीलचेअरही जवळपास तेवढीच. म्हणून बाकीच्या सगळ्या तोंडांना नागमोडी फाटक, ज्यात लांब वाहन वळत नाही, आणि सगळ्यात सपाट असलेल्या एका तोंडाला रुंद फाटक, ठरलेल्या वेळेत रखवालदारासह. बाजूला दगड रचायला विसरू नका, नाहीतर फाटक राहतं आणि वाहनं शेजारून जातात. माउंटन बाइकवाल्यांना वेगळी वाट दिलेली बरी: ती उतारावर सरळ खाली नको, आडवी हवी, कारण ब्रेक दाबून घसरलेलं चाक बुटापेक्षा जास्त माती उखडतं.

दप्तरी

परवानगीचं थोडक्यात. पहिला प्रश्न: जमीन कुणाची? एकाच टेकडीवर वनविभाग, महापालिका, संस्था आणि खासगी मालक असे तुकडे असतात. सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा आणि गट नकाशा काढा, वाट त्यावर आखा. वनजमिनीवर एक दगड हलवायचा तरी वनविभागाचं लेखी पत्र हवं. तोंडी 'करा हो' चालत नाही, अधिकारी बदलला की तुम्ही अतिक्रमण करणारे ठरता. १९९७ मध्ये पालिकेत आलेल्या गावांच्या टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचं आरक्षण आहे, पण आरक्षण म्हणजे ताबा नव्हे. भूसंपादन झालं नसेल तिथे मालकाची संमती घ्या. १:५ (पाच मीटरला एक मीटर चढ) पेक्षा तीव्र उतारावर बांधकामाला मनाई आहे हे लक्षात ठेवा. 'ओपन जिम' किंवा 'ॲम्फीथिएटर' चा प्रस्ताव आला तर पहिली हरकत तिथेच घ्यायची.

काटेरी_झुडूप

एक प्रश्न मीच टाकतो. वाटेच्या तोंडाशी वाळक्या फेसाट्या रचल्या आणि फेब्रुवारीत कुणी विडी टाकली तर? वणव्याचं काय?

शेडा_पवन्या

बरोबर मुद्दा. फेसाटी जूनमध्ये टाकायची, जानेवारीअखेर उरलेली उचलायची. तोवर गवत गुडघाभर आलं असेल तर तिचं काम झालेलं असतं. आलं नसेल तर मोठे दगड ठेवा.

मुख्य वाट हीच जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारा बिनगवताचा पट्टा, करता येते. वाटेच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर गवत विळ्याने कापायचं आणि उचलून न्यायचं. वेळ मात्र सांभाळा. ऑक्टोबरात कापलं तर बी गेलं. डिसेंबरच्या मध्यानंतर, कुसळं झडल्यावर कापा. जाळून रेषा करायचं काम वनविभागाचंच, आपण हात घालायचा नाही. 'जाळलं की गवत जोमाने येतं' असं सांगणारे भेटतात. दरवर्षी जाळलं तर कुसळी वाढते आणि पवन्या, मारवेल मागे पडतात, शिवाय सालई-मेडशिंगीची दोन-तीन वर्षांची रोपं संपतात.

ओळंबा

मग कामांचं वेळापत्रक असं बसतं. जुलैत पाऊस चालू असताना वाट चालून पाणी कुठून शिरतं, कुठे सुटतं तिथे खुंट्या रोवा (चुना वाहून जातो, रंगीत फडकं बांधा). ऑक्टोबरात ओल असतानाच खोदकाम आणि आडबांध. एप्रिलमध्ये त्याच मुरमावर पहार उडते. डिसेंबरात गवतकापणी. मेमध्ये बाहेरची कड छाटणं आणि आडबांधांमागचा गाळ काढणं. तो गाळ फेकू नका, घमेल्याने वर नेऊन काटेरी_झुडूप यांच्या बुजवलेल्या वाटेवर पसरा. त्यात बी असतं.

मोजपट्टी

गाळ काढायच्या आधी छेद मोजा, नंतर नाही.